ऑन्टारिओत नव्याने आलेल्यांसाठी स्वयंसेवा: पहिल्या अर्जापासून पहिल्या रेफरन्सपर्यंत

कॅनडात उतरल्यानंतरचे पहिले सहा-आठ आठवडे कागदपत्रांत जातात. सिन नंबर (नोकरी व करासाठी लागणारा ओळखक्रमांक), ओहिप कार्ड (प्रांताच्या आरोग्यविम्याचे कार्ड), बँकेचे खाते, भाड्याचे घर आणि मुलांचा शाळाप्रवेश ही कामे एकामागून एक उरकावी लागतात आणि त्या धावपळीत एकटेपणा जाणवायला सवड मिळत नाही. ती धावपळ संपली की दिवस मोठे वाटू लागतात. सकाळी नोकरीचे अर्ज पाठवायचे, दुपारी ईमेल पुन्हा पुन्हा उघडून पाहायची आणि रात्री भारतात उजाडण्याची वाट पाहायची, असा क्रम पडून जातो.

मी सांगलीहून मिसिसागाला आले ती फेब्रुवारीत. नागरी सहकारी बँकेत अकरा वर्षे काम केल्याचा दाखला हाताशी होता, इंग्रजी लिहिता-वाचता चांगले येत होते, आणि तरीही आठवडेच्या आठवडे घराबाहेर मी ज्यांच्याशी बोलत असे ती माणसे दोनच होती: बसचा चालक आणि दुकानातील गल्ल्यावरची मुलगी. सेटलमेंट एजन्सीतील, म्हणजे नव्याने आलेल्यांना स्थिरावायला मदत करणाऱ्या संस्थेतील, सल्लागार बाईंनी माझा रेझ्युमे तपासून झाल्यावर सहज विचारले, की गुरुवारी सकाळी तुम्ही काय करता. त्या प्रश्नातून मी आमच्या भागातील फूड बँकेत, म्हणजे गरजूंना मोफत धान्य व खाद्यवस्तू देणाऱ्या संस्थेत, पोहोचले. तिथे जे शिकले त्याच्या आधारावर, आणि पुढे अनेक नव्या मराठी कुटुंबांना हाच मार्ग दाखवताना जे प्रश्न वारंवार आले त्यांच्या आधारावर, हा लेख लिहिला आहे. लेखातील नियम ऑन्टारिओ प्रांताचे आहेत. इतर प्रांतांत तपशील वेगळे असतात.

माझा मुख्य सल्ला एकच आहे आणि पुढचे सर्व त्याच्याच भोवती आहे: एकच जागा निवडावी, आठवड्यातून एकच ठरलेली वेळ द्यावी आणि ती किमान सहा महिने पाळावी. पाच ठिकाणी एकेक दिवस जाऊन फोटो आणि प्रमाणपत्रे मिळतात, पण आपल्याला नावाने ओळखणारे माणूस एकही मिळत नाही.

आधी हेतू स्वतःशी स्पष्ट करा

स्वयंसेवा केली की नोकरी लागते, असे अनेकांना सांगितले जाते. ते तसे नाही, आणि या समजुतीने आलेली माणसे दोन महिन्यांत निराश होऊन निघून जातात, हे मी पाहिले आहे. स्वयंसेवेतून तीन गोष्टी खात्रीने मिळतात. इथल्या माणसांचे बोलणे कानाला सवयीचे होते. इथे कामाची जागा कशी चालते, म्हणजे वरिष्ठांशी कसे बोलतात, चूक कशी सांगतात, नकार कसा देतात, हे प्रत्यक्ष दिसते. आणि आपल्या कामाविषयी चार शब्द बोलू शकेल अशी इथली एक व्यक्ती, म्हणजेच रेफरन्स, मिळते.

‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’, म्हणजे कॅनडातील कामाचा अनुभव हवा, या अटीने नव्याने आलेल्यांना फार त्रास दिला आहे. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच अशी सरसकट अट घालणे भेदभावाचे ठरू शकते, असे धोरण जाहीर केले. १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहीर जाहिरातीत वा अर्जात ही अट घालण्यास प्रांताच्या कायद्याने मनाई केली आहे. अट कागदावरून गेली तरी मुलाखत घेणाऱ्याच्या मनातील शंका लगेच जात नाही, आणि त्या शंकेला इथल्या माणसाने दिलेला रेफरन्स उत्तर देतो.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी. पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास या इथल्या कामाच्या अनुभवावर आधारलेल्या योजनेतून अर्ज करणार असाल तर त्यात फक्त पगारी काम धरले जाते. बिनपगारी काम कितीही तास केले तरी त्यात मोजले जात नाही. डॉक्टर, परिचारिका किंवा अभियंता म्हणून परवाना मिळवण्याच्या वाटेवरही स्वयंसेवेचे तास सहसा उपयोगी पडत नाहीत. रुग्णालयातील स्वयंसेवक रुग्णाला वाट दाखवतो, चाकाची खुर्ची ढकलतो, शेजारी बसून बोलतो. उपचाराला हात लावत नाही. भारतात वीस वर्षे डॉक्टरकी केलेल्या व्यक्तीला हे जड जाऊ शकते, म्हणून तिने तिथे जाण्याआधी याचा विचार करावा आणि जायचे तर मनापासून जावे.

आपल्या व्हिसावर हे चालते का, ते तपासा

पीआर असलेल्यांना आणि नागरिकांना कसलीच अडचण नाही. स्टडी परमिट, वर्क परमिट किंवा सुपर व्हिसावर (इथल्या मुलांकडे वा नातवंडांकडे दीर्घ काळ राहायला येणाऱ्यांचा व्हिसा) आलेल्यांनी मात्र ‘काम’ या शब्दाची कायद्यातील व्याख्या समजून घ्यावी. ज्यासाठी वेतन किंवा कमिशन मिळते ते काम, आणि जे इथल्या नागरिकांच्या व पीआरधारकांच्या रोजगाराशी थेट स्पर्धा करते तेही काम, अशी ती व्याख्या आहे. याचा अर्थ असा, की पैसे न घेताही एखादी गोष्ट ‘काम’ ठरू शकते. हॉटेलात बिनपगारी भांडी घासणे हे काम आहे, कारण त्यासाठी एरवी कुणाला तरी पगार द्यावा लागला असता. धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेत, ज्यासाठी सहसा कुणालाच पैसे दिले जात नाहीत असे काम, थोडा वेळ आणि आपल्या इथे असण्याच्या मूळ कारणाला जोडून करणे हे या व्याख्येत बसत नाही.

मुलांकडे सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना देवळातील प्रसादाच्या स्वयंपाकाला किंवा ज्येष्ठांच्या गप्पांच्या गटात मदतीला जाता येते, ते याच आधारावर. विद्यार्थ्यांनीही हाच निकष लावावा, आणि जिथे शंका वाटेल तिथे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लेखी विचारून घ्यावे.

जागा कशी शोधावी

आपल्याकडे मदतीला जायचे म्हणजे उठून जायचे. गणेशोत्सवाचा मांडव असो, वारीतले अन्नछत्र असो की गावचे श्रमदान, पदर खोचला किंवा बाह्या सरसावल्या की आपण त्यातले होतो. इथे फूड बँकेच्या दारात जाऊन ‘मी मदत करू का’ म्हटले तर हसतमुखाने एका संकेतस्थळाचा पत्ता हातात देतात. पहिल्या वेळी तो नकार वाटतो. तो नकार नसतो; इथे स्वयंसेवकाचीही नोंद, प्रशिक्षण आणि विमा असतो, आणि त्यासाठी अर्ज लागतो.

शोधाची सुरुवात करण्यासाठी तीन वाटा पुरेशा आहेत. टोरांटो शहरात ‘व्हॉलंटियर टोरांटो’ आणि मिसिसागा, ब्रॅम्प्टन व कॅलिडन या भागासाठी ‘व्हॉलंटियर एमबीसी’ ही स्वयंसेवा केंद्रे आहेत. तिथे संस्थांच्या मागण्या एकत्र पाहायला मिळतात. दुसरी वाट म्हणजे २११ हा दूरध्वनी क्रमांक, ज्यावर आपल्या पोस्टल कोडच्या आसपासच्या सामाजिक संस्थांची माहिती मिळते. तिसरी, आणि नव्या माणसाला सर्वांत सोपी, म्हणजे घराजवळची सार्वजनिक लायब्ररी. लायब्ररीत इंग्रजी संभाषणाचे मोफत गट चालतात. आधी तिथे शिकायला जावे, म्हणजे फलकावर लागलेल्या मागण्याही दिसतात आणि कुणाला विचारावे हेही कळते.

जागा निवडताना लोक संस्थेचे नाव पाहतात. माझ्या मते आधी बस पाहावी. जानेवारीत, उणे पंधरा तापमानात, दोन बस बदलून सकाळी नऊला पोहोचता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ती जागा कितीही मोठी असली तरी सोडावी. घरापासून एका बसच्या अंतरावरची लहान संस्था सहा महिने टिकते.

त्यानंतर कामाचा प्रकार पाहावा. इंग्रजी बोलायला अजून संकोच वाटत असेल तर फूड बँकेतील धान्य व डबे निवडण्याचे काम उत्तम, कारण हात चालू असतात आणि बोलणे आपल्या गतीने वाढते. मिसिसागात शीख समाजाने उभी केलेली ‘सेवा फूड बँक’ आहे, टोरांटोत ‘डेली ब्रेड फूड बँक’ आहे; याखेरीज चर्च, गुरुद्वारे आणि शेजारची केंद्रे यांच्या लहान फूड बँका भरपूर आहेत. बोलण्याचा सराव हवा असेल तर ज्येष्ठांच्या निवासात गप्पा मारणे, पत्ते खेळणे, चहा देणे ही कामे घ्यावीत. वृद्ध माणसे हळू बोलतात, ऐकून घेतात आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तरी रागावत नाहीत. घराबाहेर मोकळ्या हवेत राहायचे असेल तर वसंतात झाडे लावणे आणि तलावाकाठची साफसफाई असते, मात्र ते काम हंगामी आहे.

हिशेबाचा अनुभव असलेल्या मराठी माणसांसाठी एक जागा मी आवर्जून सुचवते. कॅनडाच्या महसूल खात्याचा १९७१ पासून चालत आलेला एक कार्यक्रम आहे, ज्यात सामाजिक संस्थांमधील स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या आणि साध्या हिशेबाच्या लोकांची आयकर विवरणपत्रे मोफत भरून देतात. प्रशिक्षण खाते देते. मार्च आणि एप्रिल हे धावपळीचे महिने असतात, कारण बहुतेकांसाठी ३० एप्रिल ही शेवटची तारीख असते. उत्पन्न नसले तरी विवरणपत्र का भरावे, मुलांचा भत्ता आणि कराचे परतावे त्यावर कसे अवलंबून असतात, हे आधी आपल्याला कळते आणि मग आपण ते दुसऱ्या नव्या कुटुंबाला समजावून सांगतो. मी स्वतः दुसऱ्या वर्षी हे काम केले आणि बँकेतील अकरा वर्षे वाया गेली नाहीत, असे मला इथे आल्यापासून प्रथमच वाटले.

अर्ज आणि भेट

अर्जात दोन रेफरन्स मागतात आणि तिथेच नवा माणूस अडतो. भारतातील जुन्या वरिष्ठांचे नाव व ईमेल देता येते. त्यांना आधी कळवून ठेवावे आणि उत्तर इंग्रजीत द्यावे लागेल हेही सांगावे. लिंक या नव्याने आलेल्यांसाठीच्या मोफत इंग्रजी वर्गातील शिक्षिका, सेटलमेंट एजन्सीतील सल्लागार किंवा मुलाच्या शाळेतील शिक्षक हेही चालतात. नातेवाईक चालत नाहीत.

भारतातील सामाजिक कामाचा उल्लेख जरूर करावा, फक्त तो समजेल अशा शब्दांत करावा. ‘एनएसएस’ असे नुसते लिहिले तर इथे कुणाला अर्थबोध होत नाही. कॉलेजात असताना सात दिवसांच्या ग्रामीण शिबिरात राहून बंधारा बांधण्याचे काम केले, असे लिहिले तर होतो. मंडळाच्या गणपतीत पाच वर्षे खजिनदारी केली असेल तर वर्गणी किती घरांतून जमवली आणि हिशेब कुणापुढे मांडला, हे दोन ओळींत लिहावे.

बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांची भेट होते. को-ऑर्डिनेटर, म्हणजे स्वयंसेवकांची व्यवस्था पाहणारी व्यक्ती, विचारतात, की तुम्हाला इथे का यायचे आहे. ‘मला नोकरी हवी आहे आणि अनुभव लागतो’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. ‘मी या भागात नवीन आहे, मला माणसांची ओळख करून घ्यायची आहे, गुरुवारी सकाळी मला तीन तास मोकळे असतात आणि मी किमान सहा महिने येईन’ हे उत्तर तितकेच प्रामाणिक आहे आणि त्यात समोरच्याला हवी असलेली माहितीही आहे. आपण किती काळ टिकणार, हीच त्यांची मुख्य चिंता असते. उत्तर आले नाही तर आठवड्याने एक नम्र ईमेल पाठवावी. संस्थांत पगारी माणसे थोडी असतात आणि अर्ज मागे पडतात.

पोलीस तपासणी आणि आरोग्याची कागदपत्रे

लहान मुले, वृद्ध किंवा आजारी व्यक्ती यांच्यासोबत काम असेल तर ‘व्हल्नरेबल सेक्टर चेक’ नावाची पोलीस तपासणी लागते. ती आपण राहतो त्या भागाच्या पोलिसांकडून करून घ्यायची असते आणि संस्थेचे पत्र जोडावे लागते. शुल्काबाबत संस्थेलाच विचारावे, कारण स्वयंसेवकांना अनेकदा सवलत किंवा माफी असते. आपल्याकडे पोलिसांचा कागद म्हटला की घरात कुजबुज सुरू होते. इथे तो शाळेत सहलीला मदत करणाऱ्या आईलाही लागतो. कधी कधी बोटांचे ठसे द्यायला बोलावतात. एखाद्या नोंदीतील जन्मतारीख व लिंग आपल्याशी जुळल्यास तसे होते. ती ओळख पटवण्याची पद्धत आहे, आपल्यावरचा आरोप नाही. ठसे मागितल्यास वेळ वाढतो, एवढेच ध्यानात ठेवावे.

रुग्णालयात किंवा काळजीगृहात जायचे असेल तर लसीकरणाची नोंद आणि क्षयरोगाची त्वचा-चाचणी मागतात. इथे भारतातून आलेल्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. आपल्याला जन्मतः बीसीजीची लस दिलेली असते आणि तिच्यामुळे किंवा पूर्वी कधीतरी जंतूंशी संपर्क आल्यामुळे ही चाचणी आपल्यात ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. त्याचा अर्थ क्षय झाला असा होत नाही. पुढे छातीचा एक्स-रे काढतात आणि डॉक्टर निर्णय देतात. चाचणीची सुई टोचल्यावर ४८ ते ७२ तासांच्या आत ती वाचून घ्यावी लागते, म्हणून शनिवार-रविवार मध्ये येणार नाही असा दिवस निवडावा. दोन टप्प्यांची चाचणी असेल तर हे सर्व पुन्हा एकदा करावे लागते. भारतातून निघताना लसीकरणाचे जुने कार्ड, मग ते कितीही पिवळे पडलेले असो, सोबत आणावे; आईच्या कपाटातून त्याचा फोटो मागवण्यात माझे तीन आठवडे गेले.

याशिवाय अपंग व्यक्तींना सेवा कशी द्यावी याचे छोटे प्रशिक्षण स्वयंसेवकांनाही घ्यावे लागते, कारण ऑन्टारिओच्या २००५ च्या सुगम्यता कायद्यानुसार ते संस्थेला बंधनकारक आहे. ते गांभीर्याने करावे. आंधळ्या व्यक्तीचा हात न धरता तिला आपला कोपर धरू द्यावा, हे मी तिथेच शिकले.

पहिला दिवस

फूड बँकेतील माझी पहिली सकाळ मी जशीच्या तशी सांगते, कारण बहुतेक जागा थोड्याफार फरकाने अशाच असतात. दारात नाव लिहिलेला स्टिकर छातीवर लावला, कोट खुंटीवर अडकवला, हातमोजे घातले आणि लांब टेबलाशी उभी राहिले. समोर देणगीत आलेल्या वस्तूंचे खोके होते. सत्तरीतल्या एका बाईंनी मला डबा हातात घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा कसा फिरवायचा हे दाखवले: पोटाला पडलेला लहान पोचा चालतो, पण शिवणीवर किंवा कडेवर पोचा असेल किंवा डबा फुगला असेल तर तो बाजूला. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चवीची व ताजेपणाची हमी असते, ती उलटली म्हणून बंद डबा लगेच फेकत नाहीत. लहान बाळाच्या दुधाच्या भुकटीवर मात्र ‘एक्स्पायरी’ तारीख असते आणि ती उलटली की डबा कुणालाही द्यायचा नाही. या दोन तारखांमधला फरक मला माझ्या स्वयंपाकघरातही उपयोगी पडला.

तासाभराने त्या बाईंच्या हातात तूरडाळीचे एक बंद पाकीट आले. आतली डाळ तेलकट चमकत होती. ती खराब झाली आहे असे समजून त्या ते टाकून द्यायच्या बेतात होत्या. ही डाळ टिकावी म्हणून तिला मुद्दाम तेल लावलेले असते, कोमट पाण्यात दोनदा धुतली की झाले, असे मी सांगितले. ते बोलायला मला धीर गोळा करावा लागला, कारण पहिल्याच दिवशी आपण सत्तर वर्षांच्या बाईंना चूक कशी म्हणायची, असे मनात आले. त्यांनी हातातले पाकीट पुन्हा खोक्यात ठेवले, सगळ्यांना थांबवले आणि मला तेच मोठ्याने पुन्हा सांगायला लावले. पुढच्या आठवड्यात को-ऑर्डिनेटरने मला डाळींची ओळख आणि त्या शिजवण्याच्या कृतीचा एक कागद इंग्रजीत तयार करायला सांगितला. तो फडताळावर चिकटवला गेला.

कामाच्या रीती

वेळेचे महत्त्व सर्वांना माहीत आहे, पण न येण्याचीही इथे एक रीत आहे. आपण पगार घेत नाही, म्हणून एक दिवस न सांगता राहिलो तर चालेल, असे वाटू देऊ नये. चार जणांचे टेबल तिघांवर पडते. आजारी असल्यास शिफ्टच्या आधी फोन किंवा ईमेल करावी. बर्फामुळे बस थांबली तर थांब्यावरूनच फोन करावा. कारणांचा पाढा वाचण्याची गरज नसते. एक वाक्य पुरते.

आपल्याला सर्वांत अवघड जाते ते नावाने हाक मारणे. आजीच्या वयाच्या बाईंना पहिल्या नावाने हाक मारताना माझी जीभ अक्षरशः अडत असे. ‘मॅडम’ आणि ‘सर’ म्हणत राहिले तर माणसे दूर राहतात, हे कळायला मला महिना लागला. पहिल्या दिवशी ‘तुम्हाला काय म्हणू’ असे विचारून घ्यावे आणि मग ते पाळावे. आपले नाव त्यांना नीट उच्चारता येत नसेल तर सोडून देऊ नये. दोन भागांत तोडून हळू सांगावे, लोक प्रयत्न करतात. टोपणनाव स्वतःला आवडत असेल तरच द्यावे.

चहाच्या सुट्टीत मोबाइल बाजूला ठेवावा. हवामान, बागकाम, हॉकीचा कालचा सामना, कुत्र्याची तब्येत, अशा विषयांवर बोलणे चालते. पगार, लग्न का झाले नाही, मुले किती, असे प्रश्न आपण आपुलकीने विचारतो, इथे ते पहिल्या भेटीत खटकतात. एखादे वाक्य कळले नाही तर मान डोलावू नये. ‘पुन्हा सांगाल का’ म्हणावे. मान डोलावल्यामुळे मी एकदा लहान मुलांच्या खाद्याचे पूर्ण खोके चुकीच्या फडताळावर लावले होते, आणि ते परत काढायला दोघींची सकाळ गेली.

घरून केलेले पदार्थ न्यायचे असतील तर आधी विचारावे. शेंगदाण्याची ॲलर्जी अनेकांना जीवघेणी असते आणि आपली चटणी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी यांत दाण्याचे कूट असतेच.

कुठे थांबावे

नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानाने, कार्यालयाने किंवा उपाहारगृहाने ‘आधी दोन महिने व्हॉलंटियर म्हणून या, मग पाहू’ असे म्हटले तर तिथून निघावे. अशा ठिकाणी काम करणारा माणूस ऑन्टारिओच्या रोजगार कायद्यानुसार सहसा कर्मचारीच ठरतो आणि त्याला किमान वेतनाचा हक्क असतो. मी आले त्या उन्हाळ्यात एका छोट्या हिशेबनिसाच्या कार्यालयात असेच तीन आठवडे रोज आठ तास बसले. अनुभवाचे पत्र मिळेल या आशेने बसले. पत्र मिळाले नाही आणि विचारल्यावर फोन उचलणेही थांबले. समोरचा माणूस आपल्याच भाषेचा किंवा देशाचा आहे म्हणून तपासणी सोडू नये.

खरी धर्मादाय संस्था ओळखण्याचा सोपा उपाय आहे. महसूल खात्याकडे नोंदलेल्या संस्थेला क्रमांक असतो: आधी नऊ आकडे, मग ‘आरआर’ ही अक्षरे आणि पुढे चार आकडे. खात्याच्या संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. लहान मंडळे नोंदलेली नसतील तरीही प्रामाणिक असू शकतात, पण जो कुणी स्वयंसेवेसाठी आपल्याकडे पैसे किंवा सिन नंबर मागेल त्याच्यापासून दूर राहावे.

मुले आणि मराठी मंडळ

ऑन्टारिओतील हायस्कूलच्या मुलांना पदविका मिळवण्यासाठी ४० तास समाजकार्य करावे लागते आणि नववी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यापासून ते मोजता येतात. शेवटच्या वर्षापर्यंत ते लांबवू नये. आई आणि मुलगी एकाच शनिवारी एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या, तर घरी बोलायला विषय मिळतो. आमच्या घरी तो मिळाला.

मराठी भाषिक मंडळ, मराठी शाळा आणि गणेशोत्सव यांत काम करणे हीही स्वयंसेवा आहे आणि रेझ्युमेत तिला जागा द्यावी. आपल्या भाषेत, आपल्या माणसांत मनाला विसावा मिळतो. पहिल्या हिवाळ्यात त्याची किंमत फार असते. तरीही माझी विनंती आहे, की तेवढ्यावर थांबू नये. महिन्यातून एक रविवार मंडळाला आणि दर आठवड्याचे तीन तास अशा ठिकाणी द्यावेत, जिथे आपल्याशिवाय कुणीही मराठी नाही.

रेफरन्स आणि रेझ्युमे

पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, तास आणि केलेले काम लिहून ठेवावे. तीन महिने नियमित गेल्यावर को-ऑर्डिनेटरला समक्ष विचारावे, की तुम्ही माझ्यासाठी रेफरन्स व्हाल का. होकार मिळाल्यानंतरही प्रत्येक मुलाखतीआधी त्यांना कळवावे, नोकरीची जाहिरात पाठवावी आणि आपण केलेली दोन-तीन कामे आठवणीसाठी लिहून द्यावीत, म्हणजे मालकाचा फोन आला की त्यांना नेमके बोलता येते.

रेझ्युमेत ‘फूड बँकेत मदत केली’ एवढेच लिहू नये. दर आठवड्याला किती तास, किती महिने, किती जणांच्या गटात, आणि काय बदलले, हे लिहावे. ‘सात महिने दर आठवड्याला तीन तास, नव्या स्वयंसेवकांना धान्य तपासणी शिकवली, डाळींची माहितीपत्रिका तयार केली’ या एका ओळीवर माझ्या मुलाखतीतील दहा मिनिटे गेली, आणि बँकेतील अकरा वर्षांचा विषय त्यातूनच निघाला.

नोकरी लागल्यावर जागा सोडायची असेल तर दोन आठवडे आधी सांगावे, नावाचा बिल्ला आणि कपाटाची किल्ली परत करावी आणि आपल्या जागी येणाऱ्याला एक शिफ्ट सोबत घेऊन काम दाखवावे. पूर्ण सोडायचे नसेल तर संध्याकाळची किंवा शनिवारची शिफ्ट मागावी. बहुतेक ठिकाणी ती मिळते, कारण शनिवारी माणसे नेहमीच कमी असतात. मी गुरुवार सोडला तेव्हा माझ्या जागी नुकतीच नागपूरहून आलेली एक मुलगी उभी राहिली, आणि मी तिला डब्याच्या कडेवरून अंगठा कसा फिरवायचा ते दाखवले.